बोलणं परवडेना, म्हणून माणसं गप्प

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या विभागात, तुम्ही ८ महिन्यांपूर्वी शिफ्ट इन्चार्ज झालात. हाताखाली ४० माणसं, त्यांतली निम्म्याहून जास्त कंत्राटी. एका ब्रॅकेटची डाय, म्हणजे आकार देणारा साचा, तडकली होती आणि पार्टच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येत होता, हे शॉपवर दोन दिवस सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला ते ग्राहकाच्या तक्रारीतून कळलं. तुम्ही कुणावर ओरडत नाही, ‘कधीही येऊन सांगा’ असं सगळ्यांना सांगितलंय, सूचनापेटी लावलीय, व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, तरी कुणी तोंड उघडत नाही. वरिष्ठांचं म्हणणं, तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं, एखादा कोर्स करा. शुक्रवारपर्यंत ग्राहकाला ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहिलेला अहवाल, जायचाय आणि त्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहायला सांगितलंय. आणि तुमचा प्रश्न आहे, कोणता कोर्स करू?

कोर्स जरूर करा, वाया जाणार नाही. पण या दुखण्यावर तो औषध नाही. मी ३१ वर्षं भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात शीट मेटलच्या कारखान्यांत काढली. डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागलो, प्लांट हेड म्हणून निवृत्त झालो. फर्डं बोलणारे साहेब पाहिले, ज्यांच्यापर्यंत शॉपवरची एक खरी गोष्ट पोचत नव्हती. आणि दोन वाक्यांच्या वर न बोलणारे एक फोरमन पाहिले, ज्यांच्याकडे माणसं जेवणाचा डबा अर्धा ठेवून सांगायला यायची. तुम्ही कसं बोलता, हा इथे दुय्यम मुद्दा आहे. वाईट बातमी सांगणाऱ्याला ती बातमी कितीला पडते, हा मूळ मुद्दा आहे.

हा हिशेब तुमच्या त्या ऑपरेटरच्या जागी उभं राहून करा. सकाळचे ११ वाजलेत, डाय तडकलीय, बर हाताला लागतोय. त्याने सांगितलं तर काय होतं? प्रेस थांबते. ताशी उत्पादनाच्या बोर्डवर त्याच्या मशीनसमोर शून्य लागतं. डाय दुरुस्त करणारे टूल रूमवाले म्हणतात, आधी स्लिप आणा. क्वालिटीचा माणूस येतो आणि मागचे हजार-बाराशे पीस लाल बिनमध्ये टाकून ‘सॉर्टिंग करून द्या’ म्हणतो. ते सॉर्टिंग पाळी सुटल्यावर, बहुतेक वेळा त्यालाच करावं लागतं. महिन्याच्या इन्सेंटिव्हला कात्री लागते. तो कंत्राटी असेल तर ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोन येतो, ‘तुझ्याच मशीनवर का होतं रे?’ आणि त्याला माहीत असतं की ‘उद्यापासून येऊ नको’ हेही याच फोनवर सांगितलं जातं.

आता दुसरी बाजू. त्याने सांगितलं नाही तर? कानस घेऊन जमेल तेवढे बर काढतो, साडेतीनला पाळी सुटते, बस पकडतो. पुढे काही निघालंच तर तो दोन दिवसांचा, सहा पाळ्यांचा माल असतो. त्यावर कुणा एकाचं नाव नसतं. आपण भलं नि आपलं काम भलं. माणूस बेफिकीर आहे म्हणून गप्प बसला, असं मानू नका. त्याने हिशेब मांडला आणि तो बरोबर निघाला. तुमचं ‘कधीही येऊन सांगा’ हे मनापासून असेल, पण त्याने या हिशेबातला एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण मी हे पुस्तकातून शिकलो नाही. शिफ्ट इन्चार्ज होऊन मला वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या पाळीत लातूरकडचे एक ऑपरेटर, माझ्याहून १५ वर्षांनी मोठे, माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘साहेब, आवाज जरा वेगळा येतोय.’ दाराशी डिस्पॅचचा ट्रक उभा होता. मी सहा माणसांसमोर म्हणालो, ‘आवाज ऐकायला ठेवलंय का तुम्हाला? ट्रक थांबलाय, चालवा.’ ते गेले, त्यांनी प्रेस चालवली आणि त्या दिवशी काहीही बिघडलं नाही. म्हणून मी तो प्रसंग विसरून गेलो.

पुढचे चार महिने माझी पाळी अगदी शांत होती. तक्रार नाही, अडचण नाही. मला वाटलं, बसवली मी घडी. मग टूल रूममधला एक फिटर गावच्या जत्रेला म्हणून १५ दिवस रजेवर गेला आणि त्या १५ दिवसांत माझ्या तीन डाय गेल्या. खोदून विचारल्यावर कळलं, की माणसं सगळं सांगत होती, फक्त मला नाही. चहाच्या सुट्टीत त्या फिटरला सांगायची आणि तो कुणाला न कळवता, स्लिपशिवाय, धार लावून द्यायचा. चार महिने माझं शॉप त्या एका माणसाच्या चांगुलपणावर चाललं होतं. मी लातूरकरांची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली, पण ते पुन्हा स्वतःहून माझ्याकडे यायला आणखी अर्धं वर्ष गेलं.

तेव्हापासून कुणी ‘माझी माणसं बोलत नाहीत’ म्हणालं, की मी पहिल्यांदा विचारतो, मग ती कुणाशी बोलतात? तुमच्याकडेही डाय तडकल्याचं ‘सगळ्यांना’ माहीत होतं. म्हणजे बातमी फिरत होती. टपरीवर, बसमध्ये, एकाच गावच्या मुलांच्या खोलीवर, टूल रूममध्ये, कँटीनच्या रांगेत. ती वाट शोधा, पण बुजवायला जाऊ नका आणि तिथे हेर बसवू नका. ज्या माणसाकडे सगळे जातात, त्याच्याकडे का जातात, एवढंच पाहा. बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं. तो लगेच उठतो, आणि नाव घेत नाही.

आता सांगण्याच्या पद्धतीबद्दल, कारण इथे नवे इन्चार्ज हमखास फसतात. आपल्याकडे वयाने, शिक्षणाने किंवा हुद्द्याने खालचा माणूस ‘डाय तडकलीय, प्रेस थांबवा’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘साहेब, जरा बघता का?’, ‘चालतंय तसं, पण...’, ‘कालपासून जरा वाटतंय.’ आपण शब्द ऐकतो आणि ‘जरा’वर विश्वास ठेवतो. हे फक्त आपल्याच मातीतलं आहे असंही नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमचं विमान उड्डाणासाठी धावू लागलं, तेव्हा त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की समोरचं पॅनॅमचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही का? शंका बरोबर होती. पण ती प्रश्नाच्या रूपात आली. अनुभवी, ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे सांगितलं की ते हटलंय, आणि तिथेच बोलणं संपलं. त्यानंतरच्या काळात विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या कनिष्ठांना स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनना ते ऐकून घ्यायला रीतसर शिकवायला सुरुवात केली. शिकवणं दोघांनाही लागलं, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

म्हणून मी स्वतःला एक नियम लावून घेतला. ‘जरा’ असलेलं वाक्य ऐकलं की खुर्चीतून उठायचं आणि त्या माणसाबरोबर मशीनपर्यंत चालत जायचं. फोनवर नाही, ‘बघतो नंतर’ नाही. बहुतेक वेळा तिथे काहीच निघायचं नाही. बोल्ट सैल असायचा, नाहीतर पत्र्याची कॉइल बदललेली असायची. तरी मी म्हणायचो, ‘बरं झालं बोलावलंत, पुढच्या वेळीही बोलवा.’ काही न निघालेल्या फेरीनंतर तुम्ही कसे वागता, यावरच खऱ्या तडकलेल्या डायची बातमी तुमच्यापर्यंत येणार की नाही ते ठरतं.

मशीनपाशी पोचल्यावर काय विचारायचं, तेही सांगतो. काय दिसतंय? केव्हापासून? आत्ता तुम्हाला काय लागेल? एवढे तीन प्रश्न. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न त्या वेळी नाही. आणि ‘आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न कधीच नाही. तो आपल्याला अगदी रास्त वाटतो. पण ज्यांनी मुळीच सांगितलं नाही ते लांब उभे असतात आणि ज्याने उशिरा का होईना सांगितलं तो तुमच्यासमोर उभा असतो. झाडणी होते ती नेमकी त्याची, आणि लांब उभे असलेले ते पाहतात.

टोयोटाच्या कारखान्यांतली दोरी तुम्ही ऐकली असेल. लाइनवरच्या कोणत्याही कामगाराने दोष दिसला की ती ओढायची. आपल्याकडे अनेक प्लांटनी ती व्यवस्था उचलली, अँडॉनचे, म्हणजे मदतीला हाक मारणारे, दिवे लावले. पण मूळ व्यवस्थेत दोरी ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही, हे फार जण लक्षात घेत नाहीत. आधी दिवा लागतो, टीम लीडर लगेच तिथे पोचतो, आणि ती गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत जाईतो प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. म्हणजे दोरीचं खरं काम हाक मारणं आहे, आणि हाकेला ओ द्यायला एक माणूस मोकळा ठेवलेला आहे. आपण दिवा विकत आणला, पण माणूस मोकळा ठेवला नाही. मी एका प्लांटमध्ये पिवळा दिवा ४० मिनिटं लागलेला पाहिला, खाली ऑपरेटर काम करतोय आणि वर कुणी मान करत नाही. अशा दिव्यापेक्षा दिवा नसलेला बरा. तो रोज ४० माणसांना शिकवत असतो, की हाक मारून कुणी येत नाही.

आता किंमत बदलायची कशी? इथे मला स्पष्ट सांगायला हवं की हे तुमच्या प्लांटवर अवलंबून आहे. इन्सेंटिव्हची योजना, ठेकेदाराचा करार, ओव्हरटाइमचं धोरण यांतलं काही शिफ्ट इन्चार्जच्या हातात नसतं. पण मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच काही हातात असतं. मी ताशी बोर्डवर एक वेगळा रकाना आखून घेतला, ‘ऑपरेटरने थांबवलं’. ती मिनिटं मशीनच्या नावावर धरायची, माणसाच्या नावावर नाही. यासाठी माझ्या वरिष्ठांकडे तीन वेळा गेलो, तिसऱ्यांदा ‘एक महिना करून बघ’ म्हणाले. सॉर्टिंग पाळीच्या वेळेतच करायचं, आणि ज्याने सांगितलं त्याला सॉर्टिंगला बसवायचं नाही, हे तर मी कुणालाही न विचारता ठरवू शकलो. स्लिपच्या बाबतीत टूल रूमच्या प्रमुखांशी बोलून ‘आधी डाय उतरवा, स्लिप तासाभरात’ असं करून घेतलं. ठेकेदाराच्या माणसाला समोर बसवून सांगितलं, की बिघाड कळवणाऱ्या कुठल्याही मुलाला मला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. त्याने ते नेहमी पाळलं असं नाही. एकदा एका मुलाला त्याने गुपचूप दुसऱ्या कंपनीत पाठवलं. मी त्या मुलाला परत मागून घेतलं, आणि तो परत आलेला सगळ्यांनी पाहिला. माझ्या दहा भाषणांनी झालं नसतं ते काम त्या एका सकाळी झालं.

सूचनापेटीबद्दल थोडक्यात. पेटीत चिठ्ठ्या पडत नाहीत, कारण पहिल्या दहा चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलेलं नसतं. मी पेटी काढून टाकली आणि २०० पानी वही ठेवली. तारीख, कुणी सांगितलं, काय सांगितलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना भरल्यावर तो सांगणाऱ्याला तोंडी जाऊन सांगायचा, दोन दिवसांच्या आत. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही, कारणासकट. हे ‘नाही’ सांगणं मला सगळ्यांत जड गेलं. सहा नंबर प्रेसपाशी एकाने पंखा मागितला होता. मंजुरी आली नाही. मी महिनाभर त्या बाजूने जायचं टाळत होतो. शेवटी जाऊन म्हणालो, ‘या वर्षीच्या बजेटमध्ये बसत नाही, एप्रिलमध्ये पुन्हा मागतो.’ तो म्हणाला, ‘मग एवढंच सांगायचं होतं ना साहेब, मला वाटलं तुम्ही विसरलात.’ नकार त्याला चालला. त्याला विसरलं जाणं चालत नव्हतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओके सर’ आणि अंगठे येतात, ते पोच म्हणून ठीक आहेत. ते समजल्याचा पुरावा नाहीत. तुमच्याकडे बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, मराठवाडा इथली मुलं असणार. सूचना कोणत्या भाषेत टाकता? १९४८ च्या कारखाना कायद्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावल्या पाहिजेत. आपण इंग्रजीतला पीडीएफ ग्रुपवर टाकतो आणि सुटलो म्हणतो. सुरक्षिततेची किंवा क्वालिटीची गोष्ट असेल तर ग्रुपवर टाकूनही पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं तोंडी सांगा, आणि दोघांना त्यांच्या भाषेत परत सांगायला लावा. काय निसटलं ते त्यांच्या तोंडून लगेच कळतं.

याच्याच शेजारची, पण मला जास्त जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे पाळी बदलतानाची देवघेव. तुमची बातमी दोन दिवस म्हणजे सहा पाळ्या फिरली. निदान पाच वेळा ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली असणार आणि एकदाही कागदावर आली नाही. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढला होता, काम पुरं झालं नाही म्हणून तिथे नुसती चकती बसवून ठेवली होती. कामाचा परवाना लिहिलेला होता. पण झडप जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीच्या चालवणाऱ्यांपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, त्यांनी हा सुरू केला, वायू गळला आणि स्फोट झाला. आपल्या प्रेस शॉपमध्ये एवढं होणार नाही, बोटं जातील. ती गेलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा साडेतीनच्या घाईचं काहीतरी करा. जुनी पाळी बसच्या दिशेने आणि नवी पाळी लॉकरच्या दिशेने, दोघांची गाठ मशीनवर पडतच नाही, असं असेल तर तुम्ही कितीही चांगले बोला. आमच्याकडे आम्ही इन्चार्ज लोक दहा मिनिटं आधी येऊ लागलो आणि एकत्र शॉपवरून फेरी मारू लागलो, केबिनमध्ये बसून रजिस्टरवर सह्या करणं बंद केलं. प्रत्येक प्रेससमोर जाणारा सांगणार, ‘आज काय वेगळं होतं.’ येणारा ते आपल्या शब्दांत परत म्हणणार. ‘सगळं ओके’ हे उत्तर चालणार नाही. काही वेगळं नसेल तर शेवटचा पीस हातात घेऊन दोघांनी कडेवर बोट फिरवायचं. बर बोटाला कळतो. वर्षभर हे नीट चाललं, मग बसची वेळ बदलली तेव्हा मोडलं आणि पुन्हा बसवायला तीन महिने गेले. अशा गोष्टी एकदा बसवून भागत नाही.

युनियन आणि कमिट्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण एक सांगावंसं वाटतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी वर्क्स कमिटीची तरतूद होती, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समोरासमोर बसावेत म्हणून. मी पाहिलेल्या बऱ्याच कमिट्या कँटीनची भाजी आणि बूट यांच्या पुढे गेल्या नाहीत. कागदावर वाट असणं आणि माणसांनी त्या वाटेने चालणं यांत किती अंतर असतं, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलं. माझे मामा लालबागला राहायचे, विणाई खात्यात होते. १९४६ च्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघाला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालक त्याच्याशी बोलत होते, करार होत होते, कागदोपत्री संवाद चालू होता. आणि खाली बोनसवरून, पगारावरून, बदली कामगारांच्या हालांवरून कामगार धुमसत होते. त्यांचा त्या संघावर विश्वास उरला नव्हता. ते दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. संपाची आणि गिरण्या बुडण्याची कारणं याहून पुष्कळ आहेत, मी ती एका कारणात कोंबत नाही. पण मामा नेहमी म्हणायचे, ‘आमच्या वतीने कोण बोलतंय ते आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.’ तुमच्या शॉपवरही तुम्ही ठरवलेला ‘प्रतिनिधी’ आणि माणसांनी मानलेला माणूस वेगळा असू शकतो. दुसऱ्याला ओळखून ठेवा, त्याला मान द्या, आणि त्याच्याकडून आतल्या गोष्टी काढून घेऊ नका. त्याने तुम्हाला बातम्या पुरवायला सुरुवात केली की माणसांसाठी तो संपला.

आता तुम्हाला थोडं कठीण वाटेल असं. त्या डायच्या देखभालीची तारीख उलटली होती का? उलटली असेल, तर ते तुम्हाला माहीत होतं का? आणि माहीत असेल, तर सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्ही ते बोललात का? तुम्ही तुमच्या प्रश्नात लिहिलंय, की वरिष्ठांना ‘कारणं ऐकायला आवडत नाहीत’. मग तुम्हीही तोच हिशेब करताय, जो तुमच्या ऑपरेटरने केला. यात मी तुम्हाला दोष देत नाही. एका कंपनीत मीही दीड वर्ष प्रत्येक सोमवारी सगळे आकडे हिरवे दाखवले, कारण लाल आकडा दाखवणाऱ्याला तासभर उभं केलं जायचं. पण माणसं हे पाहत असतात. आपला साहेब वर गेला की काय बोलतो, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलेलं असतं. जो स्वतः वर बोलत नाही, त्याला खालून कोण सांगेल?

वर सांगण्याची मला जमलेली रीत अशी. बातमी एका वाक्यात, केव्हापासून आहे ते एका वाक्यात, मी काय केलंय ते, आणि मला तुमच्याकडून काय, किती वाजेपर्यंत हवंय ते. ‘डाय क्रमांक अमुक, परवाच्या दुसऱ्या पाळीपासून बर, काल रात्री उतरवली, ग्राहकाकडच्या मालाच्या सॉर्टिंगला आज दुपारी दोनपर्यंत चार माणसं हवीत.’ कारणमीमांसा मागाहून. वाईट बातमीसोबत मागणी ठेवली की ऐकणाऱ्याला हातात काहीतरी करायला मिळतं आणि ओरडायला वेळ कमी उरतो. नेहमीच असं होतं असं नाही. काही वरिष्ठ मुळातच बातमी आणणाऱ्यालाच झोडतात. तुमचे तसे असतील तर तुमच्या पाळीपुरतं तुम्ही बरंच सुधाराल, पण ते तुम्हाला अंगावर घ्यावं लागेल, आणि किती काळ घ्यायचं हा निर्णय तुमचा. मी एकदा नोकरी बदलली होती, तेही अशाच कारणाने.

आणि हेही मान्य करतो, की माझा अनुभव प्रेस शॉप, वेल्डिंग, पेंट शॉप इथला आहे. आयटीत, बँकेत किंवा दवाखान्यात किमतीचे तपशील वेगळे असतील. तिथल्या माणसाने तिथला हिशेब मांडावा.

किती दिवसांत फरक दिसेल, तर पहिले दोन महिने काहीच दिसणार नाही. मग एखादा जण एखादी बारीक गोष्ट सांगून तुम्हाला तपासून पाहील. हातमोजे फाटलेत, दिवा गेलाय, असं काहीतरी. त्या दिवशी दुसरं सगळं बाजूला ठेवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोर्डवर थांबलेली मिनिटं वाढतील आणि वरून विचारणा होईल, की तुझ्याच पाळीत बिघाड जास्त का? त्याचं उत्तर आत्तापासून तयार ठेवा, आणि त्याच काळातल्या ग्राहकाच्या तक्रारींचा कागद सोबत ठेवा.

राहिला शुक्रवारचा ८डी. ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष, ऑपरेटरला समज दिली’ हे वाक्य मी स्वतः किती रिपोर्टांत लिहिलं असेल, मला मोजता येणार नाही. ग्राहक ते स्वीकारतो, फाइल बंद होते आणि शॉपवर त्याची प्रत न लावताही सगळ्यांना कळतं, की शेवटी नाव कुणाचं लागलं. तुम्ही ते लिहू नका. जे घडलं ते लिहा. डाय तडकून बर आला. डायच्या देखभालीची तारीख उलटली होती, असेल तर. बिघाड कळवल्यास उत्पादनाची तूट ऑपरेटरच्या नावावर पडत असल्याने सहा पाळ्या तो कळवला गेला नाही. उपाय म्हणून ती तूट वेगळ्या रकान्यात धरणार, पाळी बदलताना शेवटचा पीस दोन्ही इन्चार्ज तपासणार, देखभाल स्ट्रोकच्या, म्हणजे प्रेसच्या ठोक्यांच्या, संख्येवर बांधणार. वरिष्ठ मधलं वाक्य खोडायला सांगतील. तेव्हा मसुदा घेऊन त्यांच्यासमोर बसा, त्या वाक्यासाठी शांतपणे भांडा, आणि नाहीच जमलं तर निदान ऑपरेटरचं नाव तरी त्या कागदावरून निघेल एवढं पाहा. मग खाली येऊन त्याला स्वतः सांगा, कागदावर काय गेलं ते.